एकेचाळीस टक्के

कानांवर हेडफोन चढवून ती मुलगी म्हणाली,
आवाज आला की बटण दाबा.
मी दाबत राहिलो.
आवाज येतच होता,
तिनं सोडला नव्हता तेव्हाही.

मग कागद आला. दोन्ही कान मिळून एकेचाळीस टक्के.
शिक्का गोल, जांभळा, जरा फिसकटलेला.

अंबडच्या फोर्जिंगमध्ये बावीस वर्षं,
समोर लालबुंद लोखंड, त्यावर अडीच टनी हातोडा,
कानात कापसाचे बोळे, तेही घरून नेलेले.
बेंडकोळी म्हणायचा, बरंय, बायकोची कटकट ऐकू येत नाही.
आम्ही हसायचो. एकमेकांचं हसणं
फक्त दिसायचं.

आता स्टोअरला बसवलंय, नट-बोल्ट मोजायला.
तिथं शांत असतं म्हणतात.
मला कुठून कळणार?

रात्री अडीचला सगळं श्रमिकनगर झोपतं
आणि माझ्या डोक्यात तिसरी पाळी भरते.
बारीक शिट्टी, कुकरची,
जो कुणी उतरवतच नाही.
मी उठून गॅस बघून येतो. दोनदा. कधी चारदा.
अंधारात ओठ दिसत नाहीत, म्हणून सुलभा
माझ्या तळहातावर बोट टेकवून विचारते, काय झालं?
काही नाही, म्हणतो मी,
इतक्या जोरात
की शेजारच्या तिडमेंचा दिवा लागतो.

लेकीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी मधेच हसलो.
ते त्यांच्या वारलेल्या आईबद्दल सांगत होते.
तेव्हापासून आधी सगळ्यांची तोंडं बघतो, मग हसतो.
मग तेही सोडलं.
रविवारी पाथर्डी फाट्यावर मिसळीला जायचो सहाजण.
आता फोन थरथरतो
आणि मी तो उशीखाली सारतो.

सातपूरला दवाखान्यात हे सांगायला गेलो.
डॉक्टरांनी फॉर्म उलटून पाहिला,
मागं रकाना नव्हता.
झोपेची गोळी लिहून देतो, म्हणाले,
किंवा तसंच काहीतरी.

काल बेंडकोळी आला. बेल वाजवलीच नाही त्यानं,
सरळ येऊन पायरीवर बसला.
बराच वेळ आम्ही रस्ता बघितला.
मग तो ओरडला, तुझी कशी आहे रे? शिट्टी का?
मी ओरडलो, शिट्टी!
माझी रातकिड्यासारखी, तो ओरडला,
मला वाटायचं, मी येडा होतोय!
मला पण!
गल्लीत खिडक्या उघडल्या. उघडू देत.

आत सुलभानं चहा उतरवला,
आणि दारात येऊन, मला दिसेल असा,
हात हवेत फिरवला:
गॅस बंद.