हल, हंबर

गावाचं नाव हल.
"मग हलत कसं नाही?" भालूदादा म्हणाला
स्टेशनातून बाहेर पडताना, टोपी कानांवर ओढत.
नदीचं नाव हंबर. त्यावर तो
दोन दिवस हसत होता.
आणि नाटकही निघावं गाईचंच:
चोरीला गेलेली गाय, तिला शोधणारा पाद्री,
गाणी, नाच, दोन माणसांत मिळून एक गाय.
मंगळवार ते शनिवार. मग कंपनी पुढच्या गावी.
मी शनिवारची तिकिटं काढली, ज्येष्ठांच्या सवलतीत,
तिसरी रांग, कारण त्याचा डावा कान
आता नावापुरता.

उजव्या कानाशी बसून
मी विनोद मराठीत सांगत होते.
पाद्री म्हणतो, गाय माझ्या प्रवचनाला यायची,
तुमच्यापेक्षा नेमानं.
थिएटर हसून मोकळं व्हायचं,
मग तीन सेकंद शांतता,
मग दादा.
एकटा. गडगडाटी, खोकल्यात संपणारा.
मध्यंतरापर्यंत आख्खी रांग
त्याच्या हसण्याची वाट बघायला लागली,
आणि गाईच्या मागच्या पायांतला नट
एकदा थांबला, त्याच्यासाठी,
शपथेवर सांगते, थांबला.

पण नाटक तो फारसं बघतच नव्हता.
"कुमे, तो बंगला बघ." बंगला नव्हे, चर्च होतं.
"खाली चाकं आहेत. दोघांत ढकलतात.
आणि झाडाचा दोर अर्धा श्वास उशिरा सुटतो.
माणूस नवीन आहे."

तेहतीस वर्षं त्यानं नेपथ्य लावलं.
इचलकरंजी, परभणी, चोपडा.
कंपनीच्या बसच्या टपावर बांधलेले दिवाणखाने,
मागे घर नसलेले दरवाजे.
माझ्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा
तो बार्शीत एक खोटी खिडकी ठोकत होता.
दुसऱ्या दिवशी आला, अंगठ्याला चिंधी,
पिशवीत कंपनीनं दिलेलं स्टीलचं पातेलं.
मी बोलले नाही त्याच्याशी.
ते न बोलणं विमानातून इकडे आणलं,
लोणच्याच्या बरणीसारखं, भोवती कपडे कोंबून.
पातेलं मात्र वापरलं. अजून
दूध त्यातच तापतं.

शेवटी गाय सापडते. कुठे, ते सांगत नाही.

पडदा पडला. मी कोट चढवला, बस दहा-चाळीसची.
"मागच्या दारानं जाऊ," दादा म्हणाला.
"मागे काही नसतं रे."
"मागेच असतं."

गल्लीत ट्रक, फळी लावलेला.
काळ्या कपड्यांतली सहा-सात पोरं,
शिडीवरून एक मुलगी ओरडून सांगतेय
कोण आधी, कोण नंतर.
नदीवरून येणारा वारा सरळ दातांत.
चर्च चार तुकड्यांत बाहेर आलं.
बाक. घंटा. गाय, मधोमध दुमडलेली.
दादानं खिशातले हात बाहेर काढले.
हात काही करत नव्हते. नुसते बाहेर होते.

मग झाड अडकलं, फांदी चौकटीत.
पोरं रेटायला लागली.
"आडवं नको!" दादा मराठीत ओरडला,
"उभं करा! मुळं आधी!"
शिडीवरच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं.
सबंध संध्याकाळ मी इकडचं तिकडे नेत होते,
आता तिकडचं इकडे. आवाज चिरकला माझा.
मुळं आधी, म्हणतोय माझा भाऊ.
झाड सुटलं. कुणीतरी टाळी वाजवली,
हातमोज्यातली, बिनआवाजाची.

ट्रकचं दार लागलं. पुढचं गाव कार्लाइल.
बस केव्हाच गेली होती.
चालत निघालो. बंद दुकानं, एक कबाबवाला,
आणि दादा मध्येच, पायांकडे बघत:
"त्या दिवशी बार्शीला हाउसफुल्ल होतं, कुमे."

"खिडकी नीट बसली होती का?"

उजव्या कानाशीच विचारलं होतं मी,
तरी तीन सेकंद लागले.