याला दुखत नाही

आज खोकं उघडलं. आत रबराचा हात,
निळ्या शिरा, लाल पाण्याची पिशवी
आणि एक पडदा, ज्यावर बेडकाचं काळीज
बोट लावलं की धडधडतं,
काढलं की थांबतं,
लावलं की पुन्हा.

काळजाच्या बाबतीत पुन्हा म्हणता येतं
हे मला एकतीस वर्षांनी कळलं.

कुताइसीच्या या कॉलेजात माझं काम सोपं होतं.
ओतिया पोत्यातून आणायचा, रिओनीच्या लव्हाळ्यातले,
नगावर पैसे. मी मोजून घ्यायचे.
डाव्या मुठीत धरायचं, अंगठ्यानं मान वाकवायची,
कवटीमागे जिथे बोटाला खोलगट लागतं
तिथे सुई.
मुलं यायच्या आत ट्रे मांडून तयार,
पंगत बसायच्या आधी पानं वाढावीत तसे.

आता नवी पोरं हसतात, फोटो काढतात.
शीर चुकते, लाल पाणी टेबलभर,
आणि डॉक्टर मेदेया म्हणते, चुका, चुकत राहा,
याला दुखत नाही.
मी फडकं घेऊन उभी.
आम्हीही हेच म्हणायचो.
हेच वाक्य, याच टेबलाशी.

एक त्सिउरी होती, दुसऱ्या वर्षाला.
ट्रे पुढे सरकवला तर हात पाठीमागे.
नापास. परत बसली, परत हात पाठीमागे.
तिसऱ्यांदा आलीच नाही.
बाजाराच्या कोपऱ्यावर आता तिची भट्टी आहे.
भट्टीच्या आतल्या भिंतीला कणीक थापताना
ती कमरेपर्यंत आत वाकते,
दर वेळी वाटतं, गेली.
वीस वर्षं मी तिच्याकडून पाव घेतेय
आणि आम्ही बोलतो ते थंडीबद्दल,
फार तर पिठाच्या भावाबद्दल.

आज सांगून टाकलं :
रबर आलंय कॉलेजात. बेडूक बंद.
तिनं लांबट पाव कागदात गुंडाळला, सुटे मोजले.
"उशीर केला," म्हणाली. कुणी, ते नाही म्हणाली.
मग माझ्या हातांकडे बघत,
"गरम आहे. सांभाळून धर."

घरी जाताना पुलावर थांबले.
खाली लव्हाळ्यात त्यांचा कल्लोळ चाललेला,
शेकडो गळे, एकही मोजलेला नाही.
पाव काखेत होता, डावा हात मोकळा.
अंगठा आपसूक वाकला.

त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.