अक्षरी रुपये

महिन्याच्या सात तारखेला मी सायकल काढतो.
मोटरसायकल पहिल्याच वर्षी विकली,
तिचे अठरा हजार दस्तगीरला दिले,
उरलेले अजून देतोय.

खिशात चार पाकिटं असतात,
लग्नपत्रिकांची, कोपऱ्यात गणपती,
कुणी न नेलेल्या ऑर्डरीतली.
एकात तीनशे, एकात दोनशे,
एकात शंभराची एकच नोट,
एकात पन्नास.
पाचवं, साडेचारशेचं, वैजयंता स्वतः नेते
तिच्या बहिणीकडे. बांगड्यांचं आहे ते.
तिथं मी जात नाही.

पंचगंगा शाहूपुरीत शिरली त्या आठवड्यात
माझ्या छापखान्यात छत्तीस रिमं होती, उधारीची.
कागद पाणी पिताना आवाज करत नाही.
नुसता फुगतो,
आणि मग कधीतरी रात्री गठ्ठ्याची पट्टी तुटते.
पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर
जेवून सुस्तावलेल्या वऱ्हाडासारखे
गठ्ठे भिंतीला टेकून बसलेले.

चार महिने मी फोन उचलला नाही.
लक्ष्मीपुरीतून जायचं झालं तर मागच्या बोळानं.
एका रात्री वैजयंतानं एक भिजून वाळलेली पत्रिका
पालथी घातली, तिच्यावर आकडे मांडले.
भाडं, गॅस, पोराची फी, आईच्या गोळ्या.
म्हणाली, उरतात अकराशे.
अकराशेचेच वाटे कर.
बाराशे कबूल केलेस
तर पुन्हा तोंड लपवशील.

भूपालशेठ उगारे, कागदाचे व्यापारी.
एक्केचाळीस हजार, महिना तीनशे.
पहिल्या खेपेला नोटा टेबलावरून ढकलल्या त्यांनी,
भीक घालायला आलास काय मला?
मी म्हटलं, एवढेच जमतात शेठ,
पण दर सातला जमतात.
आता गेलो की चहा सांगतात.
माझ्या कपाचे बारा वजा जाता
त्यांच्या पदरात दोनशे अठ्ठ्याऐंशीच पडतात.
सगळं फिटायला अकरा वर्षं पाच महिने.
शेठ एकाहत्तरचे.
हा हिशेब दोघांनाही येतो,
म्हणून आम्ही हवापाण्यावर बोलतो.

दस्तगीर गॅरेजात गाडीखाली पडलेला असतो.
पाकीट तसंच पान्यांच्या पेटीत टाक म्हणतो,
मोजायचं काय त्यात लगा!
मी म्हणतो, बाहेर ये आणि मोज.
न मोजलेल्या पैशाचा उपकार होतो.
तो काळ्या हातानं दोन नोटा मोजतो,
एक, दोन,
मुद्दाम सावकाश.

शाईवाले कुलकर्णी मागच्या पौषात गेले.
त्यांच्या मुलानं सगळ्या वह्या उलटून पाहिल्या,
काका, तुमचं नावच नाही कुठं.
मला माहीत होतं, नसणार.
डोक्यात लिहायचे ते.
मुलगा पन्नासची नोट धरून उभा राहिला,
कुठं मांडू हे?
नवं पान काढ, म्हटलं.
घरी येईपर्यंत चुकल्यासारखं वाटत होतं,
वैजयंतालाही दोन दिवस सांगितलं नाही.

शंभराचं पाकीट पतसंस्थेचं.
खिडकीत नवी मुलगी आहे, तिला ठाऊक नाही
की ती फाडते ते पावतीपुस्तक मी छापलेलं.
पुराच्या आधीच्या मार्चात, पन्नास पुस्तकं, तीन प्रती.
नंबरिंग मशीनमधला सात ढिला होता,
जरा खाली बसायचा.
मॅनेजरना दाखवला तर म्हणाले, चालतंय की.
त्या पावत्या आता माझ्या नावावर येतात,
हिंदुराव तिवले, सात अजून खाली.

मुलगी लिहिते, अक्षरी रुपये शंभर,
आणि पुढं छापलेलाच असतो
'फक्त'.
तो मी बसवला होता, ओळीच्या शेवटाला,
जागा उरली म्हणून थोडा डावीकडं सरकवून.
तेव्हा बघितलं होतं ते सरळ आहे का एवढंच.

पावती घडी न घालता घरी नेतो.
दारामागच्या खिळ्याला अडकवतो.
खिळा आता वाकलाय थोडा.
वैजयंता म्हणते, दुसरा ठोक.
ठोकीन. सातच्या आत.