पान सत्तेचाळीस

आठव्यांदा खोडतोय मी हे पान.
खोडरबराचा भुगा सिग्नेच्या कॉफीत पडतो,
ती फुंकर मारते आणि पिते.

बाहेर डुलूथ. उणे एकवीस.
सरोवर गोठलंय, खनिजाची जहाजं
मार्चपर्यंत गोदीत पडून,
आणि सिग्ने हॉगेन दिवसभर त्यांच्या पोटात शिरून
डोक्यावरचे सांधे जोडते, ठिणग्या अंगावर घेत.
मंगळवारी रात्री माझ्या तळघरात येते,
बॉयलरशेजारची खुर्ची धरते
आणि लढवय्या होते.

पहिल्या पातळीवर सोपं होतं:
जादूगाराकडे एक ठिणगी, लढवय्याकडे एक तलवार.
पाचव्या पातळीवर ऑरिनचा जादूगार
चिमटीसरशी सोळा पिशाच्चं जाळतो,
आणि सिग्ने म्हणते, मी मारते.
फासा टाकते. लागला.
पुढच्या फेरीत: मी मारते.
नवव्या पातळीवर ऑरिन उडतो, नाहीसा होतो,
वेळ उरला तर भिंतीला दार पाडतो.
सिग्ने?
मी मारते. दोनदा.

मग मी तराजू घेऊन बसलो.
तिसरा वार दिला, तर राक्षस दुसऱ्याच फेरीत आडवा
आणि ऑरिन फोनमध्ये.
तिसरा काढून घेतला, बदल्यात दम दिला:
लढाईला सहा दाणे.
जोराचा वार, एक दाणा. रेटा, एक.
दुसऱ्यावरचा घाव ढालीवर घेणं, दोन.
चार दाण्यांत ती कंजुषासारखी लढे,
आठांत उधळ्यासारखी.
दिवसा मी हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलतो,
औंसाचा फरक तळहाताला कळतो.
इथे कळेना.
तीनशे लढाया एकट्याने खेळलो.
बायको म्हणाली, रात्रभर भिंतीत उंदीर फासे टाकतायत.
शेवटी आकडा आला:
लढवय्या, फेरीला साडेअकरा. जादूगार, साडेअकरा.
मापात पाप नाही.

तरी सिग्ने गप्पच.

"जमलंय की आता," मी म्हणालो.
"जमलंय." ती उजवा खांदा चोळत होती.
"पण राक्षस मला वळसा घालून जातो. थेट ऑरिनकडे.
जाणारच. मी असते तर मीही गेले असते."

बॉयलर खाकरला.
मग कुणी न विचारता तिने सांगितलं:
गेल्या फेब्रुवारीत टाकीत आग लागली,
आत चौघं, बाहेर पडायला एकच भोक,
आणि भोकाशी वेंडेल कोस्की.
"तो काहीच करत नव्हता. उभा होता.
एका हातात दोरी, दुसऱ्यात पाण्याची नळी,
धूर सगळा त्याच्या तोंडावर.
आम्ही एकेक करून त्याच्या काखेखालून निघालो.
फेरीला किती धरशील त्याचे?"

ऑरिनने फोन पालथा ठेवला.

मी तक्ता उलटा केला. कोऱ्या बाजूवर लिहिलं:
लढवय्या दारात उभा असेल
आणि त्याच्याकडे दमाचा एक जरी दाणा असेल,
तर त्याला ओलांडून कुणीही जात नाही.
कुणीही.
पुढे आकडा लिहायला पेन्सिल टेकवली, तशीच उचलली.

"हे फार भारी होतंय," ऑरिन म्हणाला. "तोल जाईल."
"जाईल बहुतेक."

खेळून पाहिलं.
पिशाच्चं आली, मागून राक्षस, त्याच्यामागून त्याची आई.
मी विचारलं, सिग्ने, काय करतेस?
तिने फासा माझ्याकडे सरकवला.
उभी आहे, म्हणाली.
पाच दाणे गेले. मग सहावा तिने मुठीत धरला,
आणि ऑरिन, जन्मात पहिल्यांदा,
तिच्या खांद्याआडून मंत्र म्हणाला.

आता रुंद दारांचं काय करायचं ते बघायचंय.
दहा फुटी दार, पूल, उघडं माळरान.
एकटी किती अडवणार?
आणि दोन लढवय्ये शेजारी उभे राहिले तर?

पान अठ्ठेचाळीस.
सिग्ने म्हणते, आधी कॉफी दे. भुग्याशिवाय.