खालची सकाळ

रात्री दोनला मार्केट यार्डातली लाइट गेली,
अडीचला आली.
सर्व्हर आपला आपण उठला
आणि त्याच्या पोटातले सातही कंटेनर उठले,
एकेका अडत्याला एकेक बंद खोली,
मगदूमांचा हिशेब चौगुल्यांना दिसू नये,
चौगुल्यांचा आवटींना.

मोठी डिस्क तेवढी अजून तपासणीत होती,
अंधारात स्वतःचा एकेक कप्पा चाचपत.
तिच्यासाठी कुणी थांबलं नाही.
थांबा, असं मी कुठं लिहिलंच नव्हतं.

सकाळी सौदा निघाला.
चारशे बारा पोती राजापुरी हळद,
भाव, वजन, घट, हमाली
सगळं भरत गेलं एका रिकाम्या फोल्डरात,
ज्याचं नाव बरोबर होतं
आणि जमीन भलतीच.

अकराला मी पोचले. डिस्क हातानं जोडली,
खोल्या पुन्हा चालू केल्या.
पाच वर्षांच्या वह्या परत आल्या.
सकाळ गेली.
भूपाल मगदूम टेबलावर हात आपटून म्हणाले,
"मॅडम, पोती गोदामात हायत,
मग तुमच्यात का न्हाईत?"

मला उत्तर येत नव्हतं, म्हणून चहा मागवला.
दारात नदाफचाचा, वखारीचे राखणदार, हरिपूरचे.
पुराआधी पेवं उघडायचे.
ऐकणारा असो नसो, बोलत असतात:
तोंड फोडलं की लगेच उतरायचं न्हाई.
आधी वारं जाऊ द्यायचं आत.
मग दोरीनं कंदील.
ज्योत तगली, तर माणूस.
एक घाईचा गडी वर आलाच न्हाई.
(नाव सांगत नाहीत.)
मग म्हणाले, आमच्या अंगणात एक राहिलंय अजून.
वर फरशी घातली,
फरशीवर सुनेचं वॉशिंग मशीन.
खाली काय हाय, कुणी बघितलंच न्हाई.

चहा तसाच राहिला.
एकेक खोली थांबवली,
डिस्क सोडवली, फरशी उचलावी तशी.
खाली अख्खी सकाळ.
चारशे बारा, ओळीनं,
"एक पोतं फाटकं" या शेऱ्यासकट.

ती वर आणून ठेवली. मग फाइलीत लिहिलं:
आधी डिस्क, नंतर खोली.
डिस्क नाही, तर खोलीच नाही.
आणि त्या रिकाम्या जागेला कुलूप,
तिथं पुन्हा कुणी चुकून लिहू नये म्हणून.

तीनदा मुद्दाम वायर उपसली.
तिसऱ्यांदा मगदूम बघत उभे होते.
काळा पडदा. डिस्क चाचपत होती.
सात खोल्या मिटलेल्या.
"आता लई वेळ घेतंय की ओ हे."
होय, म्हटलं.

नदाफचाचा विडी ओठात धरून
काड्यापेटी कानाशी हलवून बघत होते,
आत काडी आहे का.