टोपण

बँकेत कुणी पेन मागितलं
तर मी टोपण माझ्याकडं ठेवून घेतो.
एकतीस वर्षं सांगलीच्या यार्डात, हळदीच्या अडतीत दिवाणजी.
माणूस वाईट नसतो, विसराळू असतो,
एवढं कळतं.

त्या शनिवारी मॅनेजरनं नऊ पानं उलटली.
इथं, इथं, आणि इथं, म्हणाला.
शीतल शेजारी उभा, नव्या शर्टाच्या घड्या तशाच.
कुसुमताईनं डब्यातनं शेंगापोळी आणलेली,
शिपायालासुद्धा दिली.
वाचत बसलो असतो
तर बहिणीवर संशय घेतल्यासारखं झालं असतं.

रुमालाखाली बोटं धरून सौदे केलेत मी,
न बघता भाव ओळखलाय.
इथं सगळं उघड्यावर, काळ्या शाईत,
आणि मला एक बोट कळलं नाही.

शब्द होता सहकर्जदार.
मला वाटलं, सह म्हणजे सोबत.
सहभोजन, सहकुटुंब, सहल.
सोबत म्हणजे तो थांबला की मी चालायचं,
हे कुठल्या इयत्तेत होतं?

हरिपुरात पूर्वी हळदीची पेवं असायची.
तोंड लिंपलं की आत काय चाललंय दिसायचं नाही.
तसं ते कर्ज.
चार वर्षं शिक्षणाची, वर एक सवलतीचं,
आम्ही वरनं चालत होतो, बारशाला, लग्नाला,
आणि खाली अंधारात
व्याज अंग धरत होतं.

पुण्यात नोकरी लागली त्याला. सात महिने.
मग कंपनीनं एका मेलवर चाळीस जण मोकळे केले.
हे त्यानं नाही सांगितलं.
मेसेजनं सांगितलं, पावणेतीनला, ऐन सौद्याच्या गर्दीत:
आपले दोन हप्ते थकले आहेत.
आपले.

भरले. पुढचेही भरत गेलो.
जूनमध्ये आमच्या सुप्रियाचा बी.फार्मला नंबर लागला,
त्याच काउंटरवर गेलो.
पोरगी स्क्रीनकडं बघत म्हणाली, काका, तुमचा सिबिल पडलाय.
घरातलं म्हातारं माणूस न्हाणीत पडावं, तसं म्हणाली.
असू दे पप्पा, पुढच्या वर्षी बघू, सुप्रिया म्हणाली.
शीतलचं नाव तिनं घेतलं नाही.
घेतलं असतं तर हलकं वाटलं असतं.

भाऊबीजेला ताईनं ओवाळलं.
ताटात मी पाचशे टाकले.
अकरा हजार सहाशे सकाळीच टाकून आलो होतो.
एवढे कशाला रे, म्हणाली.
शीतल मोबाईलमध्ये मान घालून.
निघताना उठला,
माझ्या चपला उंबऱ्याशी सरळ करून ठेवल्या.
तेवढंच बोलला.

काल हमालांतला रावसाहेब आला
मेहुण्याच्या पोराचा फॉर्म घेऊन.
सही कुठं करू, एवढंच विचारायला.
नको कर, असं मला म्हणवेना.
पोरगं शिकायचं म्हणतंय, त्याला नको कसं म्हणणार?
म्हटलं, पेवात उतरायच्या आधी कंदील सोडायचे,
विझला तर माणूस उतरत नसे.
बस. पहिल्या पानापासनं वाचू.

पेन मागितलं त्यानं. दिलं.
टोपण माझ्या मुठीत.
तिसऱ्या पानावर त्याचा चहा निवला.