करड्याची तीन नावं

रात्रभर हलवून हलवून बोटीने
सकाळी मला लर्विकच्या धक्क्यावर टाकलं.
पाठीवरच्या पिशवीत टॅबलेट,
टॅबलेटात आमचं दीड वर्षाचं काम :
एक्झिमावरचे अकरा उपाय, एकाखाली एक,
आणि प्रत्येकापुढे हिरवे, पिवळे, करडे चौकोन.

ऑस्ला जेमिसनने दार कोपराने उघडलं.
हातांत सुती मोजे, मोज्यांतून झिरपलेलं मलम.
वय अठ्ठावन्न. त्यातली पन्नास विणकामाची,
आणि गेली नऊ अशी की लोकर धरली
की पेरांवर भेगा, भेगांत रक्त.
"मेंढ्यांना सांगू नकोस," म्हणाली,
"वाईट वाटेल त्यांना."

मी टॅबलेट पुढे केला.
तुमच्यासाठी काय किती महत्त्वाचं?
खाज, झोप, सुई, दुष्परिणाम, खर्च.
पट्टीवरचा ठिपका सरकवा.
तिने एक मोजा काढला, बोट टेकवलं,
मलमाने बोट सर्रकन निसटलं
आणि आमच्या हिशेबाने या बाईला
जगात सगळ्यात जास्त चिंता खर्चाची ठरली.
"अगं, औषध इथे फुकट मिळतं."

सोळा बैठका झाल्या होत्या आमच्या.
रंग आंधळेपणाला चालतील का, अक्षर केवढं,
सगळं तपासलं होतं.
बोटाला व्हॅसलीन लावून
कोणीच पाहिलं नव्हतं.

दवाखान्यातली नर्स सिनी हॅल्क्रो आली,
ओला कोट खुंटीला, चहा स्वतःच ओतून घेतला.
"मला एका पेशंटमागे नऊ मिनिटं.
यातल्या कुठल्या ओळीवर बोट ठेवू, तेवढं सांग."
मी सांगू शकले नाही.
ऑस्ला स्क्रीनवर वाकली होती.
"हे करडे कसले?"
"ज्याची माहिती नाही, ते.
आमच्यातले काही म्हणतात काढून टाकू,
लोक घाबरतात."

ती उठली. मोजे पुन्हा चढवून
आतून एक टोपली घेऊन आली,
न कातलेली लोकर, न रंगवलेली,
मेंढीच्या अंगावर होती तशी.
हा एम्स्केट, निळसर. हा मस्केट, जरा मातकट.
आणि हा शेला.
शेला! माझ्या भाषेत खांद्यावरून सोडायचं वस्त्र,
तिच्या भाषेत पहाटे गोठलेल्या दवाचा करडा.
मी दोन्ही एकदमच ऐकले.
"आमच्या मेंढ्यांना इतके करडे," ती म्हणाली,
"आणि तुमच्या सगळ्या अज्ञानाला एकच?"

मग मी एकेका चौकोनावर बोट ठेवत गेले.
हा : हातांवर कोणी तपासलंच नाही.
हा : तपासलं, एकवीस जणांवर, काही कळेना.
हा : नीट तपासलं, फरक पडला नाही.
"थांब. हा कसा करडा?
हे तर उत्तर झालं."

हो. उत्तर होतं.
आम्ही ते धुक्यात ठेवून दिलं होतं.

खूप वेळाने, चहा गार झाल्यावर,
तिने विचारलं ते वेगळंच :
"यात लोकर कुठे आहे?"
मी खाली सरकवलं, वर सरकवलं.
खाज होती, लाली होती, झोपेचे गुण होते,
पुन्हा सुया हातात धरता येतील का,
ही ओळ नव्हती.
सिनी म्हणाली, "गेल्या आठवड्यात एक कोळी आला,
तो म्हणत होता, जाळं."
आणि हसली नाही.

ऑस्लाने त्या दिवशी काहीच निवडलं नाही.
दोन उपायांची पानं छापून मागितली, मोठ्या अक्षरात,
आणि फ्रिजवर, विणीच्या आलेखाशेजारी लावली.
दोन्हीकडे चौकोनच चौकोन.
"विणीचा आलेख मला कळतो," म्हणाली,
"हाही कळेल. वेळ दे."

परतीच्या बोटीत मी यादी केली :
मोठी बटणं. तीन करडे. एक रिकामी ओळ,
जिथे माणूस स्वतःचा शब्द लिहील.
कॅन्टीनच्या दिव्यात स्क्रीन तिरपी झाली, तर
तिच्या बोटाचा ठसा तिथेच,
मलमाचा गोल डाग,
आत एकही रेष नाही.
बाही पुढे आली होती पुसायला.
राहू दिला. ॲबर्डीन यायला
अजून आठ तास होते.